पुळका : अर्थ, छटा आणि वापर

कृष्णाकाठ (सांगली)

मिरज तालुक्यातील एका शाळेतून निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना द्यावयाच्या मानपत्राचा मसुदा नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे आला होता. मजकूर नेटका होता. फक्त एका वाक्यापाशी मी थबकलो. 'गरीब घरांतून येणाऱ्या मुलांचा सरांना अपार पुळका होता' असे ते वाक्य. हा शब्द येथे चालणार नाही, असे मी लिहिणाऱ्या तरुण सहकाऱ्याला सांगितले, तेव्हा त्याने शब्दकोश उघडून माझ्यापुढे ठेवला. प्रेमाचा उमाळा, ममता, कळवळा असेच अर्थ तेथे दिलेले आहेत आणि त्यांत निंदेचा मागमूसही नाही, मग आक्षेप कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न वाजवी आहे आणि 'कानाला बरे वाटत नाही' एवढे त्याचे उत्तर पुरे होणार नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

माझी समजूत अशी की पुळका हे भावनेचे नाव कमी आणि दुसऱ्याच्या भावनेवर मारलेला शेरा अधिक आहे. राग, दया, कीव या शब्दांनी आपण स्वतःच्या मनात काय चालले आहे तेही सांगतो. 'मला त्याची दया आली' हे वाक्य कोणीही सहज बोलतो. 'मला त्याचा पुळका आला' असे मात्र मनापासून कोणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही. वाक्याची ठेवण दोन्हीकडे एकच आहे, म्हणजे ज्याच्या मनात भावना येते त्याला 'ला' आणि ज्याच्याविषयी येते त्याला 'चा' किंवा 'ची'. तरीही एक शब्द स्वतःला लावता येतो आणि दुसरा येत नाही. प्रमाणाबाहेर गेलेली कोमल भावना म्हणजे पुळका, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु हे प्रमाण कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, हे कळल्याशिवाय अर्थ पुरता लागत नाही. आपापल्या गावाकडचा वापर जाणकारांनी सांगावा आणि शक्यतो वाक्यासह सांगावा.

माणदेशी (आटपाडी)

आमच्याकडे हा शब्द घरोघरी आहे. आठवतील तशी वाक्ये देतो.

'आज बरा सासूचा पुळका आला गं तुला!'
'जित्यापणी पाणी इचारलं न्हाई, आन् मेल्यावर पुळका.'
'पोटच्या पोरास्नी बघत न्हाई, पर मेव्हण्याच्या पोरांचा पुळका लई.'

ही वाक्ये नीट पाहिली, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. पहिल्या वाक्यात 'आज' आहे, म्हणजे काल ही माया नव्हती. दुसऱ्यात माया आहे, पण ती घेणारा माणूस उरलेला नाही. तिसऱ्यात माया आहे, पण ज्यांचा हक्क पहिला त्यांना सोडून ती दुसरीकडे गेली आहे. मायेचे माप जास्त झाले, अशी तक्रार यांपैकी एकाही वाक्यात नाही. मेव्हण्याच्या पोरांना त्या माणसाने वर्षाकाठी एखादा सदरा घेतला असेल, त्यापलीकडे काही नाही. तेवढाच सदरा त्याने आपल्या पोरांनाही घेतला असता, तर पुळका हा शब्द कोणाच्या तोंडी आलाच नसता. म्हणून 'प्रमाणाबाहेर' असे म्हणण्यापेक्षा 'अवेळी किंवा अस्थानी' असे म्हणावे, ते अधिक नेमके होईल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही तिन्ही वाक्ये बोलणारा माणूस तटस्थ नाही. त्याला स्वतःला काही मिळायचे राहिले आहे, किंवा ज्याला मिळायचे राहिले त्याच्या बाजूने तो बोलत आहे.

शाळूची_भाकरी (कोरेगाव)

माणदेशी यांची वाक्ये खरी आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष सर्वत्र लागू होत नाही. आमच्या भागातील वडीलधाऱ्या बायका 'थोरलीला धाकट्या भावाचा लई पुळका' असे हसत हसत बोलतात आणि त्यात थोरलीची निंदा मुळीच नसते. उलट तिचे थोडे कौतुकच असते. 'आजीला नातवाचा पुळका' हेही तसेच. नातू मागेल ते आजी देते, आईने ओरडले की पदराआड घेते, आणि घरातील सर्वांना हे ठाऊक असून चालते.

माझ्या मते भेद क्रियापदात आहे. पुळका 'असतो' तेव्हा तो स्वभावाचा किंवा नात्याचा भाग असतो आणि ऐकणाऱ्यांनी तो मान्य केलेला असतो. पुळका 'येतो' तेव्हा तो अचानक आलेला असतो, आणि जे अचानक येते त्याच्या येण्याचे कारण माणसे शोधू लागतात. निंदा त्या शोधातून येते. सासूच्या वाक्यात 'आला' आहे, हे मुद्दाम पाहावे. मानपत्रात 'होता' आहे, त्यामुळे लिहिणाऱ्या मुलाचा कान अगदीच बिघडलेला आहे असे मला वाटत नाही. तरीही छापील मानपत्रात हा शब्द मीदेखील ठेवणार नाही, कारण हसत बोललेल्या शब्दातील हसू कागदावर उतरत नाही.

माणदेशी (आटपाडी)

ताई, आपला 'असणे' आणि 'येणे' हा भेद मला पटला. मात्र माझ्या तिसऱ्या वाक्यात 'येणे' नाही, 'पुळका लई' एवढेच आहे आणि तरीही ते बोचते. शिवाय आपल्या उदाहरणातील आजीला जर दोन नातू असते आणि पुळका त्यांपैकी एकाचाच असता, तर दुसऱ्या नातवाच्या आईने तेच वाक्य कोणत्या सुरात उच्चारले असते, याचाही विचार व्हावा.

शाळूची_भाकरी (कोरेगाव)

त्या सुरात ते वाक्य मी ऐकलेले आहे, त्यामुळे वाद घालत नाही.

मेणवली_घाट (वाई)

व्युत्पत्तीचा विषय अजून निघालेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. संस्कृतात 'पुलक' म्हणजे रोमांच, अंगावर उभा राहणारा काटा. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो, जसे फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ. त्या नियमाने पुलक शब्दाचे पुळका हे रूप सरळ दिसते. अडचण आहे ती 'क'ची. शब्दाच्या शेवटचा असा 'क' प्राकृतातून येताना गळतो. घोटक शब्दाचा घोडा झाला, मस्तक शब्दाचा माथा झाला. पुलक शब्द त्याच वाटेने आला असता, तर 'क' राहिला नसता. यावरून माझा कल असा आहे की हा शब्द कीर्तन-पुराणाच्या भाषेतून, म्हणजे काहीशा शिकलेल्या तोंडातून, बोलीत नंतर उतरला असावा. 'ल' बोलीने आपल्या पद्धतीने फिरवला आणि 'क' तसाच राहू दिला.

अर्थाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातील भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या लक्षणांपैकी, एक होय; स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे ते आठ. भक्तीच्या परंपरेत हे भाव अंगावर उमटणे हे भाग्याचे लक्षण मानले गेले. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिलेल्या अर्जुनाला 'हृष्टरोमा', म्हणजे अंगावर काटा उभा राहिलेला, असे म्हटले आहे, आणि तेथे त्याला कोणी हसत नाही. म्हणजे जो शब्द एके काळी देवापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरचा काटा सांगत होता, तोच आज सुनेला सासूची आठवण झाली की वापरला जातो. तत्सम रूपाने प्रतिष्ठा राखायची आणि तद्भव रूपाने खाली उतरायचे, हे मराठीत नवे नाही. गर्भिणी ही स्त्री असते आणि गाभण ही गाय असते. महानुभाव या थोर शब्दातून मानभावी हा ढोंगासाठीचा शब्द निघाला. त्याच न्यायाने 'पुलकित' आजही कवितेत बसतो आणि पुळका चुलीपाशी बसतो.

आता माणदेशी यांच्या 'अवेळी आणि अस्थानी' या मुद्द्याविषयी. पुळक्याचे सर्वांत जुने उदाहरण कुरुक्षेत्रावर सापडते, असे म्हटले तर वाचक मला क्षमा करतील. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन कृपेने व्यापलेला आहे, त्याचे डोळे पाण्याने भरलेले आहेत. आणि श्रीकृष्णाचा पहिला प्रश्न आहे 'कुतस्त्वा कश्मलमिदं विषमे समुपस्थितम्', म्हणजे या अवघड वेळी हे तुझ्या ठिकाणी कोठून आले? स्वजनांविषयी स्नेह असणे हा दोष तेथे सांगितलेला नाही. 'विषमे' या शब्दावर भर आहे. पुढच्याच श्लोकात त्याला 'क्षुद्र हृदयदौर्बल्य' असे कठोर नाव मिळते. पांडव वनवासात असताना अर्जुनाला भीष्म-द्रोणांची आठवण होऊन डोळे भरून आले असते, तर त्याला दौर्बल्य कोणी म्हटले नसते.

ज्ञानेश्वरांनी मात्र याच प्रसंगाकडे अधिक मायेने पाहिले आहे. कोरडे लाकूड कोरून जाणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, प्राण गेला तरी ती पाकळी त्याला चिरवत नाही, असे सांगून ते पहिल्या अध्यायात म्हणतात, 'तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा'. कोवळेपणातले हे काठिण्य ज्याने ओळखले, त्याला पुळका म्हणून या स्नेहाची वासलात लावता येत नाही. मानपत्र लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हाच स्नेह असावा. त्याच्या हाती शब्द मात्र श्रीकृष्णाच्या प्रश्नातला आला.

नाट्यगृहाची_पायरी (सांगली)

मेणवली_घाट यांच्या सात्त्विक भावांच्या उल्लेखाला एक पुरवणी जोडतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून डोळ्यांत पाणी आणून दाखवणारे आणि ते पाणी खरे की खोटे हे बसल्या जागेवरून ओळखणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक या गावात आहेत. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरताने असे सांगितले आहे की सात्त्विक भाव एकाग्र मनातून उपजतात. ज्याचे मन दुसरीकडे आहे, त्याला अश्रू किंवा रोमांच दाखवता येत नाहीत. हात हलवता येतो, भुवई उंचावता येते, परंतु अंगावर काटा ठरवून आणता येत नाही.

असे असता, जे लक्षण सोंगात आणता येत नाही असे शास्त्र सांगते, त्याच लक्षणाचे नाव मराठीने सोंगाचा संशय असलेल्या भावनेला दिले. मला यात शब्दाचा नुसता ऱ्हास दिसत नाही, उपरोध दिसतो. 'वा, अंगावर काटाच आला म्हणायचा तुझ्या!' असे कोणी तरी पहिल्यांदा टोमणा म्हणून बोलले असेल आणि पुढे टोमणाच अर्थ होऊन बसला असेल. शहाणा या शब्दाचे आपल्याकडे काय झाले आहे, ते पाहावे. 'मोठा शहाणाच आहेस' हे ऐकून आनंदणारा माणूस मला अद्याप भेटायचा आहे.

कोयनेकाठची_बाई (कराड)

मी मराठी शिकवते, त्यामुळे या शब्दाच्या शेजाऱ्यांकडेही पाहावेसे वाटते; शेजार कळला की घर सापडते. कोमल भावनेसाठी मराठीत इतके शब्द आहेत की मुले ते एकमेकांच्या जागी खुशाल टाकतात, आणि मग असे मानपत्र तयार होते.

उमाळा आतून वर येतो. पाण्याचा झरा जमिनीतून फुटतो त्यालाही उमाळा म्हणतात, त्यामुळे या शब्दात अचानकपणा असला तरी संशय नाही. जे आत होते तेच वर आले. म्हणून 'माझ्या मनात उमाळा दाटून आला' असे स्वतःविषयी निःशंक लिहिता येते. गहिवर हा अगदी शरीराचा आहे. तो कंठाशी येतो, बोलणे थांबवतो आणि ओसरतो. तो किती वेळ टिकावा याची अपेक्षाच नसल्यामुळे त्याला कोणी अति म्हणत नाही. लळा हा या सर्वांत संथ. तो येत नाही, लागतो. आणि लागायला दिवस जावे लागतात. वासराचा लळा लागतो, शेजारच्या लेकराचा लागतो, आणि कोणी मुद्दाम लळा लावूही शकतो. पुळका कोणी कोणाला लावू शकत नाही, यावरूनच दोहोंची जात वेगळी दिसते.

कळवळा हा शब्द मानपत्रासाठी सर्वांत जवळचा. तुकोबांनी तर त्याची व्याख्याच करून ठेवली आहे : 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती'. येथे 'लाभाविण' हा शब्द कळीचा आहे. कळवळ्यात लाभ नसतो हे गृहीत आहे आणि पुळक्यात लाभ असावा असा संशय आहे. माणदेशी यांनी वेळ आणि स्थळ या दोन कसोट्या सांगितल्या, त्यांत मी ही तिसरी मिळवीन, आणि खरे तर पहिल्या दोन कसोट्या या तिसरीच्या शोधासाठीच लावल्या जातात, असे मला वाटते. सासूचा पुळका आजच का आला, तर सासूच्या नावावर काही तरी आहे, हा न बोललेला अर्धा भाग ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू येतो.

हळवेपणाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण पुष्कळ जण अति कोमल भावनेसाठी तोच शब्द सुचवतील. पाटणकडे भाताच्या हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा जाती सांगतात. हळवे भात लवकर पिकते, चार महिन्यांच्या आत कापणीला येते. गरवे भात वेळ घेते. हळवा आणि हळू ही 'लघु' या शब्दाची लेकरे आहेत, गरवा हे 'गुरु' या शब्दाचे. माणसाला हळवा म्हणतो तेव्हा तो लवकर द्रवतो, एवढेच आपण सांगतो. वजन हलके असल्याने त्याला वारा लवकर हलवतो. यात किंचित कीव आहे, परंतु आरोप नाही. हळवा माणूस सर्वांसाठीच हळवा असतो, भेदभाव करत नाही, आणि म्हणून त्याच्यावर पुळक्याचा ठपका येत नाही. अलीकडे 'माझ्या मनात त्याच्याविषयी हळवा कोपरा आहे' असे वाक्य निबंधांत सरसकट दिसते. हा कोपरा 'सॉफ्ट कॉर्नर'चा आहे आणि तो मराठी घरात नंतर बांधून काढलेला आहे. मी त्यावर लाल रेघ मारत नाही, परंतु 'त्याच्याविषयी मला ओलावा वाटतो' असे शेजारी लिहून ठेवते.

भावविवशता, भावुकता हे शब्द समीक्षेच्या लेखनातील आहेत आणि तेथेच शोभतात. स्वयंपाकघरात कोणी कोणाला भावविवश म्हणत नाही. 'भावबंबाळ' मात्र रक्तबंबाळवरून घडवलेला, चांगला झणझणीत शब्द आहे, आणि तो माणसापेक्षा लेखनाला व मालिकांना अधिक लागतो. त्यात खरोखर प्रमाणाची तक्रार आहे. तेव्हा 'प्रमाणाबाहेर' हा अर्थ ज्यांना हवा आहे, त्यांनी पुळक्याला त्रास देण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेली आहे, सर्वांचा आभारी आहे. कोयनेकाठची_बाई यांनी 'लाभाविण' हा शब्द पुढे आणल्यामुळे एक शंका उद्भवते. लाभाचा संशय हाच जर पुळक्याचा गाभा असेल, तर शाळूची_भाकरी यांच्या आजीचे काय करायचे? नातवाकडून आजीला कोणता लाभ? आणि तरीही तेथे पुळका हाच शब्द बसतो, कळवळा बसत नाही.

शाळूची_भाकरी (कोरेगाव)

आजीला लाभ नाही, परंतु आजीचा न्याय बिघडलेला आहे, हे आपण विसरत आहात. नातवाने फोडलेली बरणी मांजराच्या नावावर जाते. मला वाटते, लाभ ही वेगळी कसोटी नसून पक्षपात ही मूळ कसोटी आहे. लाभासाठी पक्षपात केला तर शब्द बोचरा होतो आणि मायेपोटी पक्षपात केला तर तोच शब्द मवाळ होतो. कळवळ्यात पक्षपात नसतो; तो दुःख पाहून येतो, आणि दुःख कोणाचेही असू शकते. आजीच्या नातवाला दुःख कसले, म्हणून तेथे कळवळा बसत नाही.

निवृत्त_उपसंपादक (सांगली)

पक्षपात हा शब्द आला, तेव्हा वृत्तपत्रांविषयी लिहिणे मला प्राप्तच आहे. मराठी पत्रकारितेत पुळका हा शब्द राजकारणाने जिवंत ठेवला आहे. त्याचे एक कारण अगदी यांत्रिक आहे. तीन अक्षरे आणि जोडाक्षर नाही; एका स्तंभाच्या मथळ्यात 'सहानुभूती' बसवताना ज्याने घाम गाळला आहे, त्याला पुळक्याची किंमत कळते. दुसरे कारण असे की हा शब्द बातमीदाराला स्वतःच्या तोंडून वापरावाच लागत नाही. तो नेहमी कोणाच्या तरी भाषणात असतो. सत्तेत असताना गप्प बसलेल्यांना आता शेतकऱ्यांचा पुळका आला आहे, हे वाक्य मी सर्व पक्षांच्या नेत्यांच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि बाके बदलली की वाक्यही आपोआप समोरच्या बाकावर जाते. माणदेशी यांनी म्हटलेला 'आज आणि काल' हा हिशेब त्यात तंतोतंत आहे.

ऑगस्ट २०१९ मधील महापुराच्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानली जाते, एवढ्यावरून परिस्थिती ध्यानात यावी. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. त्या दोन महिन्यांत 'पूरग्रस्तांचा पुळका' हे शब्द इतक्या वेळा कानांवर आले की पुढे त्यांतील धार जाणवेनाशी झाली. मला मात्र त्याच काळातील वेगळी गोष्ट आठवते. बाहेरच्या गावांहून भाकऱ्यांची गाठोडी, चादरी, जनावरांसाठी वैरण भरलेल्या गाड्या येत होत्या. ती माणसेही अचानकच आली होती, काल त्यांचा आमच्याशी संबंध नव्हता, आणि त्यांनी दिलेली मदत त्यांच्या ऐपतीच्या मानाने जास्तच होती. म्हणजे वेळेची कसोटी लावली, प्रमाणाची लावली, तरी त्यांचा पुळका ठरायला हरकत नव्हती. तसे म्हणताना मी कोणालाही ऐकले नाही. शाळूची_भाकरी यांची पक्षपाताची कसोटी येथे टिकते : त्या गाड्या ज्या गल्लीत पाणी होते त्या गल्लीत गेल्या, आपला माणूस कोणता हे विचारत बसल्या नाहीत.

नाट्यगृहाची_पायरी (सांगली)

तशा एका गाडीवर फलक लावून छायाचित्र काढले असते, तर शब्द तयारच होता.

निवृत्त_उपसंपादक (सांगली)

फलक लावलेल्या गाड्याही होत्या, आणि त्यांच्यासाठी तो वापरला गेलाच. वैरण दोन्ही गाड्यांतील सारखीच होती, हे जनावरांच्या वतीने नमूद करून ठेवतो.

माणदेशी (आटपाडी)

मूळ धाग्यात असे म्हटले आहे की हा शब्द स्वतःला लावता येत नाही. त्याला एक अपवाद आहे. नकार असला की तो खुशाल लावता येतो. 'मला काय त्याचा पुळका न्हाई, पर बांध त्यानं रेटलेला न्हाई' असे वाक्य गावच्या बैठकीत हमखास ऐकू येते. भाऊबंदकीत एखाद्याच्या बाजूने खरे बोलायचे असेल, तर आधी पुळका नाकारावा लागतो, नाहीतर साक्ष धरली जात नाही. म्हणजे पुळका असलेल्या माणसाचे बोलणे प्रमाण मानायचे नाही, असा संकेतच आहे. पक्षपाताचा मुद्दा यावरून पक्का होतो.

दुसऱ्याला दटावतानाही नकार चालतो. 'लई पुळका येऊ देऊ नगो' असे बैल विकताना रडणाऱ्या पोराला बाप सांगतो. त्या वाक्यात माझ्या कसोट्यांपैकी एकही बसत नाही, हेही सांगून टाकतो. पोराची माया खरी असते, जुनी असते आणि योग्य ठिकाणी असते. तेथे शब्द बापाला स्वतःला सावरण्यासाठी लागतो.

कोयनेकाठची_बाई (कराड)

बैलाच्या वाक्याला कसोटी लावण्याची गरज नाही. तेथे बाप वेळेचाच आधार घेत आहे : व्यवहार ठरला आहे, दावे दुसऱ्याच्या हाती गेले आहे, आता नको. मेणवली_घाट यांचा 'विषमे' तो हाच, फक्त श्रीकृष्णाच्या जागी बापाचेही डोळे भरलेले असतात.

मला अजून एक प्रकार नोंदवायचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत तोच सर्वांत जास्त वाढला आहे. आधी पुळका माणसाचा असे. सासू, मेव्हणा, नातू, फार तर शेतकरी किंवा पूरग्रस्त असा समूह. आता तो पर्यावरणाचा असतो, इतिहासाचा असतो, आणि मराठीचा तर असतोच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाल्यानंतर आणि दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या आसपास 'आता मराठीचा पुळका आला' हे वाक्य अनेकांच्या तोंडी येते. येथे पक्षपाताचा आरोप नेमका कोणाच्या वतीने केला जातो, हे मला नीटसे उलगडत नाही. मेव्हण्याच्या पोरांच्या वाक्यात वंचित राहिलेली पोटची पोरे होती. मराठीचा पुळका आला म्हणून कोण वंचित राहिले?

मेणवली_घाट (वाई)

मराठीच राहिली. उरलेल्या वर्षभरातील मराठी ही पोटची पोर आणि २७ फेब्रुवारीची मराठी ही मेव्हण्याची. शाळेच्या फलकावर त्या दिवशी सुविचार मराठीतून असतो आणि पालकांना जाणारी सूचना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा इंग्रजीतून. माया घेणारी आणि मायेवाचून राहिलेली एकच असू शकते. म्हणून तर आपण म्हणता तसा अमूर्त वस्तूचा पुळका निघू शकला. पर्यावरणाचेही तेच, जूनमध्ये रोप लावणारा हात आणि एप्रिलमध्ये त्याला पाणी न घालणारा हात एकाच माणसाचा असतो.

शाळूची_भाकरी (कोरेगाव)

एप्रिलमध्ये पाणी घातले तर त्याला काय म्हणायचे, हे कोणी विचारण्यापूर्वीच सांगते : आमच्याकडे त्याला काही म्हणत नाहीत. पाणी घातले, एवढेच म्हणतात.